डोंगळ्याचे गोंडे उमलले, आता कीटकनाशक बंद

जानेवारी सरत आला की नाशिक, अहिल्यानगर, जालना, बुलडाणा या पट्ट्यात बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, गोंड्यावर (फुलांच्या गुच्छावर) येतात. नेमकं तेव्हाच आभाळ येतं, फुलकिडे वाढतात आणि दुकानातून बाटली शेतात पोहोचते. मार्चमध्ये गोंडा तळहातावर चोळला की बी थोडं, फोलपटं जास्त. मग दोष थंडीला, गोटाला (लावलेल्या कांद्याला), नशिबाला. मी पाहिलेल्या फसलेल्या प्लॉटांत बहुतेक ठिकाणी कारण एकच होतं: फुलोऱ्यात मारलेलं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक.

ते एवढं का बाधतं, हे फुलाच्या आत बघितल्याशिवाय पटत नाही. कांद्याच्या फुलात बीजकोशाचे तीन कप्पे असतात. कप्प्यांच्या भिंती जिथे एकमेकींना पुरत्या जुळत नाहीत, तिथल्या बारीक फटींत मधुरसाच्या ग्रंथी असतात. गोंडा पापुद्र्यात बंद असतानाच त्या घडू लागतात. पातीत तयार झालेली साखर झाडाच्या रसवाहिन्यांतून तिथवर येते आणि फूल उमललं की बीजकोशाच्या बुडाशी, पुंकेसरांच्या तळाला थेंब होऊन साचते. मधमाशी येते ती या थेंबासाठी. परागकण तिच्या अंगाला लागतात, तो आपला फायदा.

या फायद्यावरच अख्खं पीक उभं आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो. स्त्रीकेसराची दांडी तेव्हा जेमतेम १ मिलिमीटर असते. ती ५ मिलिमीटरपर्यंत वाढून पराग घ्यायला तयार होईतो त्या फुलाचा स्वतःचा पराग बहुतेक संपलेला असतो. म्हणजे दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून दिलाच पाहिजे. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरतात. माशी फिरकली नाही तर बी फारच थोडं धरतं.

आता सांगा, जे औषध झाडात शिरून रसासोबत सगळीकडे फिरतं, ते या थेंबात उतरणार नाही का? उतरतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही त्याच जातीची औषधं. ‘संध्याकाळी मारा, माशीला काही होत नाही’ हे दुकानातलं वाक्य या औषधांना लागू नाही. संध्याकाळी मारलेलं उद्या सकाळच्या थेंबात असतं. ठिबकमधून सोडलं तरी तेच.

फुलकिड्यांचा बंदोबस्त पापुद्रा फाटायच्या आधीच उरका. प्रोफेनोफॉस किंवा फिप्रोनिल, लिटरला १ मिली, चिकटद्रव्यासह, आलटून पालटून अशी शिफारस आहे. फिप्रोनिल माशीला फार जहाल, म्हणून मी ते दांडे निघायच्या आधीच संपवायला सांगतो. पहिलं फूल उमललं की दोन्ही बंद. पुढे निळे चिकट सापळे लावा आणि थोडे फुलकिडे सहन करा. करपा दिसला तर मँकोझेब लिटरला २.५ ग्रॅम, तेही माशा परतल्यावर, दिवस मावळताना.

दुसरी गोष्ट पाण्याची. कांद्याच्या मधुरसात पालाश (पोटॅशियम) जास्त असतो, तो माशीला मुळातच फारसा रुचत नाही. त्यात फेब्रुवारीचं ऊन चढलं, जमीन सुकली की रस घट्ट होतो आणि माशी शेजारच्या कोथिंबिरीवर किंवा मोहरीवर जाते. फुलोऱ्यात पाण्याचा ताण नको. ठिबक उत्तम, तुषार बंद, कारण तो पराग धुतो. माझा एक आडाखा आहे, कुठल्या शिफारशीत नाही: सकाळी दहाच्या सुमारास पाच-सहा गोंडे वाकवून फुलाच्या तळाशी बघा. चकाकी दिसली तर ठीक, कोरडं दिसलं तर त्याच दिवशी हलकं पाणी.

‘माशी आकर्षक’ बाटल्या आणि फुलोरा टॉनिक यांवर पैसे घालवू नका. गूळपाणी तर मुळीच नको. पातीवर गोड चाटायला मिळालं तर माशी फुलात कशाला शिरेल? त्याच पैशात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणा. हेक्टरी चार-पाच ही सर्वसाधारण शिफारस. कांद्याला मी दुप्पट सांगतो. साधारण दहा टक्के फुलं उमलल्यावरच ठेवा, आधी ठेवल्या तर माशांना दुसऱ्या फुलांची सवय लागते. बांधावरचं आग्या मोहोळ जाळू नका. पेट्या सांभाळायला शिकायचं असेल तर महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहेच.

बाकीची कामं:
– दुसऱ्या वाणापासून अंतर: प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर, पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात) १००० मीटर
– वेगळी दिसणारी झाडं फुलण्याआधी उपटणे
– तण काढणे, दांडे लोळू नयेत म्हणून मातीची भर
– बोंडं तडकून काळं बी दिसू लागलं की काढणी. सकाळी, दोन-तीन वेळा करून
– ताडपत्रीवर वाळवण, मग मळणी

आणि शेजाऱ्याशी बोला. माशी बांध ओळखत नाही. त्याच्या फुललेल्या पिकावर पडलेलं औषध तुमच्या गोंड्यांवरची वर्दळ थांबवतं. तो कधी, काय मारणार आहे ते आधी विचारून घ्या आणि आदल्या संध्याकाळी पेटीवाल्याला फोन करा, म्हणजे त्याला पेट्या हलवायला रात्र मिळेल.