स्ट्रॅटेजी गेमसाठी परवडणाऱ्या लॅपटॉपचा प्रोसेसर कसा निवडावा

सांगलीत विश्रामबागेकडची इंजिनिअरिंगची मुलं लॅपटॉप घ्यायला निघाली की सगळी चर्चा ग्राफिक्स कार्डावर होते. धावपळ-गोळीबाराच्या गेमसाठी ते बरोबरच आहे. पण एज ऑफ एम्पायर्स किंवा सिव्हिलायझेशनसारखे स्ट्रॅटेजी गेम खेळायचे असतील तर आधी प्रोसेसर बघा. शेकडो सैनिकांनी कुठल्या वाटेने जायचं, समोरच्या राजाने कधी हल्ला करायचा, हा सगळा हिशेब तोच करतो आणि त्यातला मोठा भाग एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या हिशेब करणाऱ्या एका भागावर) पडतो. म्हणून नुसती कोअरची संख्या मोजू नका, एकेक कोअर किती जलद आहे ते पाहा.

मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणाऱ्यांनी तर याकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. एज ऑफ एम्पायर्स २च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सगळ्यांची मशीन एका लयीत चालावी लागतात. एकाचा लॅपटॉप दमला की सगळ्यांचा खेळ रखडतो. रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांसाठी हा गेम आधी लॅपटॉपचा वेग मोजणारी बेंचमार्क चाचणी घेतो आणि १००० गुण मिळाल्याशिवाय आत घेत नाही.

१. पूर्ण नंबर वाचा

‘इंटेलचा आय५ आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. आय५-१२३५यू आणि आय५-१२४५०एच दोन्ही आय५च. पहिल्यात जलद कोअर फक्त २, बाकीचे ८ वीज वाचवणारे. दुसऱ्यात जलद कोअर ४ आहेत आणि त्याला वीजही जास्त मिळते: मूळ मर्यादा १५ वॅटऐवजी ४५ वॅट. शेवटच्या ‘यू’ आणि ‘एच’ या अक्षरांतच हा फरक असतो. गेमसाठी एच घ्या.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्ये फसगत जास्त होते. रायझन ७००० मालिकेत पहिला आकडा वर्ष सांगतो, पण आतली रचना कळते तिसऱ्या आकड्यावरून. रायझन ५ ७५२०यू नावाने २०२३चा वाटतो, मात्र त्यातला तिसरा आकडा २ म्हणजे झेन २ ही एएमडीची मुळात २०१९ची रचना. कोअरही चारच. त्याच ‘रायझन ५’ नावाचा ७५३५एचएस सहा कोअरचा आणि बराच पुढचा आहे. तिसरा आकडा ३ किंवा ४ असेल तरच पुढे बोला. इंटेलचे एन१००सारखे प्रोसेसर अभ्यासाला चालतील, मोठ्या लढाईला नाही.

जुना लॅपटॉप घेणार असाल तर इंटेलच्या आठव्या पिढीपेक्षा जुना प्रोसेसर घेऊ नका. सातव्या पिढीतल्या यू मालिकेच्या आय५मध्ये दोनच कोअर असत, शिवाय विंडोज ११च्या अधिकृत यादीतही ते बसत नाहीत.

२. रॅमचे स्लॉट विचारा

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या हव्यात. इंटेलच्या प्रोसेसरमधलंच आयरिस एक्सई ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये एकच पट्टी असली तर तेच ग्राफिक्स इंटेलच्या साध्या यूएचडी ग्राफिक्सच्या पातळीवर उतरतं. आत्ता बजेट नसेल तर निदान एक स्लॉट (पट्टी बसवायची जागा) मोकळा आहे ना, हे पाहून घ्या. ७५२०यूसारख्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

३. दुकानातच तपासा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, पूर्ण नाव दिसतं, मेमरीमध्ये किती स्लॉट वापरात आहेत ते कळतं. बिलावरही पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, संकोच करू नका.

घरी आल्यावर खरी परीक्षा घ्या ती खेळाच्या शेवटच्या टप्प्यात. सुरुवातीला गावकरी मोजकेच असतात, तेव्हा कुठलाही लॅपटॉप छान पळतो. सिव्हिलायझेशन ६मध्ये एआय बेंचमार्क दिलेला आहे, तो चालवून संगणकाला एका टर्नला (खेळीला) सरासरी किती सेकंद लागतात ते टिपून ठेवा.

४. उष्णतेचा विचार करा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो, मग एचचा फायदा उरत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची बाजू थोडी उचललेली ठेवा, जाळीतली धूळ वेळच्या वेळी काढा. खेळताना चार्जर लावलेलाच असू द्या, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग आवरता घेतात. एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप समोर असतील तर जरा जाड, मागे मोठी जाळी असलेला घ्या.