बार मिट्झवाच्या तयारीत या चुका टाळा

बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरात मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याच्या बार मिट्झवाची, म्हणजे तेरा वर्षे पूर्ण झाल्यावर धर्माच्या दृष्टीने सज्ञान होण्याच्या समारंभाची, बोलणी सुरू होतात, आणि पहिली चूक बहुधा तिथेच होते. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहून हॉल ठरवला जातो. वास्तविक तेरा वर्षे हिब्रू पंचांगाने पूर्ण व्हावी लागतात. या पंचांगात १९ वर्षांपैकी ७ वर्षे तेरा महिन्यांची असतात, त्यामुळे मुलाची हिब्रू तिथी इंग्रजी वाढदिवसाच्या तीन आठवडे अलीकडे किंवा काही दिवस पलीकडेही पडू शकते. समारंभ उशिरा झाला तर बिघडत नाही. आधी झाला तर मात्र मुलगा अजून सज्ञान झालेला नसतो. जन्म सूर्यास्तानंतरचा असेल तर तिथी पुढच्या दिवसाची धरावी. साध्या वर्षातल्या अदार महिन्यात जन्मलेल्या मुलाचे तेरावे वर्ष अधिक महिन्याच्या वर्षात भरत असेल, तर त्या वर्षीच्या दोन अदारांपैकी दुसरा धरावा. अधिक आणि निज महिन्यांची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. तारीख पक्की झाल्याशिवाय पाठाला हात लावू नये, कारण समारंभात मुलाने वाचायचा तोराचा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचा, पाठ आठवड्यागणिक बदलतो आणि महिनाभर घोकलेला भाग ऐनवेळी भलत्याच आठवड्याचा निघतो.

दुसरी चूक देवनागरीची. प्रार्थना देवनागरीत लिहून दिल्या की मूल आठ दिवसांत पाठ म्हणते आणि घरचे खूश होतात. पण त्यामुळे अक्षरओळख मात्र कायमची मागे पडते. ‘शेमा’ या मुख्य प्रार्थनेच्या पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द, ज्याचा अर्थ ‘एक’, देवनागरीत ‘एखाद’ असा उतरतो आणि मराठी मुलाच्या कानाला तो सरळ ‘एखादा’ वाटतो. देव एकच आहे असे सांगणाऱ्या ओळीचा असा अर्थ मनात बसणे परवडणारे नाही! याच शब्दाच्या शेवटी दालेत हे हिब्रू अक्षर आहे. दालेतचा मागचा कोपरा टोकदार असतो, तसल्याच दिसणाऱ्या रेश या अक्षराचा गोल. तो फरक सुटला तर ‘एक’चा ‘दुसरा’ होतो. म्हणूनच सेफेर तोरामध्ये, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, हा दालेत मोठा लिहितात. मुलाला ही दोन अक्षरे शेजारीशेजारी मोठी काढून दाखवावीत आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत रोज चारच ओळी वाचून घ्याव्यात.

छापील पुस्तकातून अस्खलित वाचणारा मुलगा गुंडाळीसमोर अडखळतो, ही तक्रार नेहमीची आहे. गुंडाळीत स्वरचिन्हेही नसतात आणि चालीच्या खुणाही नसतात. दोन स्तंभांचे सरावाचे पुस्तक घ्यावे, ज्यात एका बाजूला खुणांसह आणि दुसऱ्या बाजूला खुणांविना तोच मजकूर असतो. खुणांविना वाचण्याचा सराव किमान दोन महिने आधी सुरू करावा. शेवटच्या आठवड्यावर तो ढकलू नये. देवाचे नाव असलेले सरावाचे कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत. ते सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, द्यावेत, तिथे त्यांचे विधिपूर्वक दफन होते.

मलिदा (एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मांडायचे ताट), बिरड्याचा रोजा (एक उपवास) ह्या ‘आजीच्या गोष्टी’ आणि धर्म म्हणजे फक्त हिब्रू, अशी विभागणी काही शिक्षक करतात. ती मला मुळीच पटत नाही. कोकणातल्या आपल्या पूर्वजांनी तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवले म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा, धडा याहून चांगला कुठून सुरू करणार? मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, १८४६ सालीच छापली गेली होती, तेव्हा मराठीतून अर्थ सांगितल्याने पावित्र्य कमी होते ही शंकाही बाजूला ठेवावी. मलिद्याचे ताट लावताना पोहे, खोबरे आणि फळे मांडायला मुलांना बसवावे आणि एलियाहू हन्नाबीची गोष्ट तेव्हाच सांगावी.

समारंभानंतर मात्र मुलगा पुन्हा सिनेगॉगकडे फिरकत नाही. त्याला ‘ये’ म्हणून भागत नाही, काम द्यावे लागते. पुढच्याच शनिवारी त्याच्याकडून एक छोटा पाठ वाचून घ्यावा, आणि जिथे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा सज्ञान पुरुष जमणे अवघड जाते अशा रायगडातल्या सिनेगॉगमध्ये त्याला सणाला घेऊन जावे, म्हणजे दहावा कोण याची वाट पाहणाऱ्या मंडळींच्या नजरा त्याच्याकडे वळतील.