सीओपीडी बळावल्यावर प्रतिजैविक केव्हा घ्यावे

सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार, असलेल्या रुग्णाचा त्रास अचानक वाढला, की प्रत्येक वेळी प्रतिजैविक लागतेच असे नाही; अनेकदा त्यामागे विषाणू किंवा प्रदूषण असते आणि तेथे या औषधाचा उपयोग होत नाही. म्हणून आधी बेडका पांढऱ्या कागदी रुमालावर घेऊन नीट पाहावा. तो पिवळा-हिरवा झाला असेल आणि जोडीला धाप किंवा बेडक्याचे प्रमाण नेहमीपेक्षा वाढले असेल, तर डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक देतात व बहुधा ५ दिवस पुरतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, हृदयविकार आणि चालू औषधे त्यांना आवर्जून सांगावीत. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःहून सुरू करणे मला अत्यंत घातक वाटते. ओठ निळसर पडले, गुंगी आली किंवा धापेमुळे वाक्य पुरे होईना, तर तत्काळ १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.