एकट्याने फिरताना माकडं-वानरं आडवी आली तर: इंदूरहून ओंकारेश्वर, मांडू, पाताळपाणीला निघणाऱ्यांसाठी

सरवटे बस स्टँडवर ओंकारेश्वरची गाडी धरणाऱ्या एकट्या माणसाजवळ साधारण तीन गोष्टी असतात: पाठीला सॅक, पाण्याची बाटली आणि वाटेत खायला सेव-परमलची (शेव-मुरमुऱ्यांची) पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी. पुढचा दिवस कसा जाणार हे बरंचसं त्या पन्नीवर ठरतं. माकड सहसा माणसावर धावून येत नाही, पन्नीवर येतं. माणूस पन्नी सोडत नाही, म्हणून चावा त्याला बसतो. चौघं बरोबर असली की एक जण सामानापाशी थांबतो, एकाचं लक्ष मागे असतं. एकट्याला ही दोन्ही कामं घरून निघण्याआधीच उरकावी लागतात.

सॅक अशी भरा की सोडून देता येईल

पैसे, ओळखपत्र, परतीचं तिकीट आणि गोळ्या-औषधं सॅकमध्ये ठेवू नका. सदऱ्याच्या आत राहील अशा कापडी पाकिटात, कमरेला किंवा गळ्यात ठेवा. सॅकमध्ये जीव अडकलेला असला की माणूस ती ओढत बसतो, आणि बहुतेक जखमा त्या ओढाताणीतच होतात.

सॅकच्या चेनला दोन सरक असतात. ते मधोमध आणून एकमेकांत सेफ्टी पिन किंवा किल्ल्यांची कडी अडकवा. सुटी चेन माकड सहज उघडतं. कडी अडकवलेली असेल तर त्याची खटपट लांबते आणि तेवढ्यात तुम्ही तिथून सरकू शकता. बाजूच्या जाळीच्या खिशात काहीही नको, पाण्याची बाटलीसुद्धा नको. रंगीत शीतपेयाची बाटली हातात धरून चालणं तर पूर्णच टाळा.

खाणं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सॅकच्या तळाशी, वर टॉवेल. पन्नी वाजते, वास बाहेर सोडते, आणि पन्नीत खाऊ असतो हे माकडांना माणसांनीच शिकवलेलं आहे. म्हणून नुसती औषधं किंवा ओले कपडे भरलेली पन्नीही हिसकावली जाते. मंदिरातून मिळालेल्या नारळ-चिरंजीच्या प्रसादाचं हेच होतं. देवळाच्या आतच तो डब्यात भरा, डबा सॅकमध्ये टाका, चेन अडकवा आणि मगच उंबरा ओलांडा. पायरीवर उभं राहून प्रसाद तोंडात टाकायचा मोह आवरा.

चष्म्याला मानेमागून जाणारी इलॅस्टिकची दोरी लावा आणि जुना चष्मा सॅकमध्ये जरूर ठेवा. मोठा नंबर असलेल्या माणसाचा चष्मा गेला तर डोंगरावरच्या पायऱ्या एकट्याने उतरणं चाव्याहून धोक्याचं होतं.

याखेरीज तीन-चार वस्तू लागतात: साधारण चार फुटांची काठी, अर्धी वडी साबण, पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली आणि गॉजचे दोन तुकडे. साबण कशाला, ते पुढे येईल.

समोर कोण आहे?

मराठीत आपण माकड वेगळं आणि वानर वेगळं म्हणतो. इकडे बोलीत दोघांना सरसकट 'बंदर' म्हणून टाकतात. म्हणून चहावाल्याला किंवा नारळवाल्याला विचारताना 'काले मुंह वाले या लाल मुंह वाले?' असं विचारा. उत्तरावर पुढचं वागणं अवलंबून आहे.

काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर. पूर्ण वाढलेला नर १५ किलोच्या पुढे जातो. त्याचं पोट पानं पचवण्यासाठी घडलेलं आहे, त्यामुळे पाला, फुलं आणि कळ्या त्याला प्रिय. ओंकारेश्वरला हातात बेलपत्र आणि झेंडूच्या माळेची टोपली घेऊन चाललात की वानर टोपलीकडे येतं ते त्यामुळे. केसांत गजरा माळला असेल तर तो मागूनही ओढला जातो. फुलं झाकून न्या, गजरा देवळात पोचल्यावर माळा. वानर चावण्याआधी बहुधा थप्पड मारतं किंवा अंगावर झेप घेतं. नर दातांवर दात करकरा घासू लागला तर तो आवाज दहा पावलांवरून ऐकू येतो. तो ऐकला की मागे सरकायचं.

लाल तोंडाचं, भुरकट, आखूड शेपटीचं ते माकड. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की महाबळेश्वर, माथेरानला दिसतं ते माकड वेगळं. त्याच्या डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखा असतो आणि शेपूट अंगाएवढी किंवा त्याहूनही लांब. इकडचं लाल तोंडाचं माकड जास्त दांडगं असतं. नर सात-आठ किलोंचा भरतो, पण हात चलाख आणि गालांत पिशव्या. हिसकावलेलं तो आधी गालांत कोंबतो, चावून खातो नंतर. त्यामुळे त्याच्या तोंडातून काही परत मिळवायचा प्रयत्न करू नका.

जागा आणि वेळ

ओंकारेश्वरला मांधाता बेटाची परिक्रमा सुमारे सात किलोमीटरची. पायऱ्या, चढउतार, मधे झाडी, आणि सकाळी लवकर निघालात तर बराच वेळ कोणी भेटत नाही. वानरांचे कळप याच वाटेवर असतात. सकाळी आणि दुपार कलल्यावर ते खाण्याच्या शोधात असतात, भर दुपारी सावलीत एकमेकांच्या अंगातल्या उवा वेचत बसतात. एकट्याने परिक्रमा करायची तर कुणा कुटुंबाच्या पाच-पंचवीस पावलं मागे चाला. त्यांच्या सोबतीतही आणि त्यांच्या खाऊपासून लांबही.

घाटावर स्नान करताना एकटा माणूस हमखास फसतो. पायरीवर कपडे, त्यावर सॅक, आणि माणूस पाण्यात. सॅक आणि चपला नारळ-फुलांच्या दुकानात सांगून ठेवा किंवा खोली घेतली असेल तर तिथेच सोडा. घाटावर फक्त टॉवेल आणि बदलायचे कपडे कापडी पिशवीत न्या. पिशवीचं तोंड बांधलेलं असू द्या. आत काय आहे हे दिसलं नाही आणि वास आला नाही तर ती सहसा उचलली जात नाही.

मांडूत वानरं भिंतींवर, गच्च्यांवर बसलेली असतात. रूपमती मंडपासारख्या उंच जागी फोटो काढताना भिंतीकडे पाठ करा, दरीकडे नको. दचकून मागे टाकलेलं एक पाऊल तिथे महागात पडतं. पाताळपाणीला पावसाळ्यात भुट्टा घेतलात तर दुकानाच्या छपराखाली उभं राहून संपवा. दाणे काढलेलं बुरकुंडंही कचऱ्याच्या डब्यातच टाका. पाताळपाणी ते कालाकुंड या मीटर गेज गाडीत एकटे असाल तर खिडकीत फोन धरून बसू नका आणि कालाकुंडला घेतलेला कलाकंद डब्यात बसून खा, फलाटावर नाही.

स्कूटरने जात असाल तर घाटातल्या वळणावर वानरं बसलेली दिसली म्हणून थांबू नका. लोक तिथे केळी-फुटाणे टाकतात, त्यामुळे गाडी थांबली की ती सीटवर येतात. गाडी उभी करून जायचं असेल तर हुकला काही लटकवू नका आणि आरसे आत वळवा. आरशातल्या प्रतिबिंबाला दुसरा नर समजून वानर आरसा फोडतं.

साधारण मार्च ते जून या काळात कळपात तान्ही पिल्लं जास्त असतात आणि उन्हाने पाणीही आटलेलं असतं. तेव्हा दुप्पट अंतर ठेवा: एरवी पाच मीटर, पिल्लू दिसलं तर दहा. वानराचं नवं पिल्लू काळपट-तपकिरी असतं आणि एका मादीकडून दुसरीकडे फिरत असतं. त्यामुळे त्याची आई कुठली हे कळत नाही आणि पिल्लू किंचाळलं तर धावून कोण येईल हेही सांगता येत नाही.

एक वेगळी खूण. झाडावरची सगळी वानरं एकाच दिशेला बघत कर्कश 'खाक्-खाक्' करत असतील तर तो इशारा तुमच्यासाठी नाही, बिबट्यासाठी असण्याची शक्यता आहे. महू-चोरलच्या जंगलात बिबटे आहेत. एकटे असाल तर ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परत फिरा.

समोरासमोर आलात तर

थांबा. पळालात तर ते मागे लागतं, आणि पायऱ्यांवर पळणाऱ्याला पडण्याचाच धोका जास्त. डोळ्याला डोळा भिडवू नका. नजर त्याच्या पायांजवळच्या जमिनीवर ठेवा, म्हणजे ते काय करतंय हे दिसतं आणि त्याला आव्हानही वाटत नाही. दोन्ही तळवे उघडून दाखवा, बोटं पसरून, कमरेच्या उंचीवर. ज्या माकडांना माणसांच्या हातून खायची सवय आहे त्यांना रिकामा तळवा कळतो. मूठ बंद असली की आत काहीतरी आहे असंच त्यांना वाटतं. मग पाठ न दाखवता, तिरके, एकेक पाऊल सरका. जवळ भिंत किंवा खांब असेल तर पाठ तिकडे करा, कारण कळपातलं दुसरं माकड मागून येतं आणि ते बघायला तुमच्यासोबत कोणी नाही.

चेहरा वाचता आला तर बरंच सोपं होतं. लाल तोंडाचं माकड तोंडाचा गोल 'आ' करून, भुवया वर खेचून, टक लावून बघत असेल आणि डोकं पुढे-मागे झटकत असेल तर ती धमकी आहे. ओठ मागे ओढून दात विचकले असतील तर ते घाबरलेलं आहे, पण घाबरलेल्याची वाट अडली तर तेही चावतं. अशा वेळी तुम्ही जिना किंवा दार अडवून तर उभे नाही ना, हे पाहा आणि बाजूला व्हा. नराने सुळे दाखवत दिलेली मोठी जांभई झोपेची नसते, ताणाची असते. ओठांची चपचप मात्र मैत्रीची.

काठी त्याच्यावर उगारू नका, जमिनीवर दोनदा जोरात आपटा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. दगड मारू नका. चिडलेला नर पुढच्या माणसावर राग काढतो, तो माणूस तुमच्या मागून येणारी एखादी आजी असू शकते.

सॅक धरलीच तर एक झटकाही न देता सोडा आणि चार पावलं मागे या. खायला मिळालं नाही तर माकड वस्तू टाकून देतं, फक्त तुम्ही त्याच्यामागे धावू नका. चष्मा किंवा फोन झाडावर नेला तर जवळच्या दुकानदाराला सांगा. फुटाणे टाकून वस्तू सोडवायचं तंत्र त्यांना ठाऊक असतं. अंगावर चढलं तर हात लावू नका, जरा पुढे वाका, डोकं खाली घ्या आणि स्थिर राहा. ओरडत झटकलं की ते नखं रोवतं.

चावलं किंवा ओरखडलं तर

जखम छोटी दिसते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. माकडाच्या सुळ्याचं भोक बारीक पण खोल असतं. साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. बाटलीतलं एक लिटर पाणी दोन-तीन मिनिटांतच संपतं, म्हणून बाटलीच्या पाण्याने सुरुवात करा आणि धर्मशाळेचा किंवा मंदिराचा नळ गाठा. नंतर पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, मिरची, तेल यातलं काही नको. पट्टी घट्ट बांधू नका. जखमेला टाके घालायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील, रेबीजच्या भीतीने ते शक्यतो टाळतात.

त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. इंदूरला परतेपर्यंत थांबू नका. ओंकारेश्वरहून बडवाह किंवा सनावद, मांडूहून धार गाठा. वाहन नसेल तर १०८ लावा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. छोट्या दवाखान्यात ते नसेल तर लशीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि सीरमसाठी जिल्हा रुग्णालयात जा. पहिल्या लशीपासून सात दिवसांनंतर सीरम देत नाहीत. रक्त न आलेला ओरखडा असला तरी लस लागतेच. नुसती लाळ धडधाकट कातडीवर लागली असेल तर धुणं पुरतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

'दहा दिवस जनावरावर लक्ष ठेवा' हा नियम कुत्रा-मांजराचा आहे, माकडाला लागू नाही.

कातडीत द्यायची लस असेल तर डोस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक. मोजणी पहिला दिवस शून्य धरून होते. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, मग दोनच डोस लागतात आणि सीरम लागत नाही. पुढचे डोस दुसऱ्या गावी घेता येतात, म्हणून लशीच्या कार्डाचा फोटो काढा आणि लस कातडीत दिली की स्नायूत, हे त्यावर लिहून घ्या.