दोन हजार पटाच्या हायस्कूलचे लहान गट पाडताना या चुका टाळा

अमेरिकेत दोन हजार पटाचं सरकारी हायस्कूल ही नेहमीची गोष्ट आहे. नववी ते बारावी अशा चार इयत्ता, प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं, दर तासाला वर्ग बदलायचा. गणिताच्या शिक्षकाला हा मुलगा इंग्रजीच्या तासाला काय करतो ते ठाऊक नसतं, आणि तो आठवडाभर आला नाही तर चौकशी कोणी करायची हेही ठरलेलं नसतं. अशा शाळेचे शंभर ते चारशे मुलांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला स्वतःचे ठरलेले शिक्षक द्यायचे, ही कल्पना जुनीच. २००० च्या सुमाराला तिला पैसा मिळाला. केंद्र सरकारने हजार किंवा त्याहून जास्त पट असलेल्या हायस्कूलांसाठी खास अनुदान सुरू केलं, गेट्स फाउंडेशनही उतरलं. पुढे २००९ च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनीच लिहिलं, की पैसा दिलेल्या बऱ्याच छोट्या शाळांमध्ये मुलांच्या प्रगतीत लक्षणीय फरक पडला नाही.

आपल्याकडच्या तुकडीशी याची गल्लत करू नका. ‘नववी ब’मधली मुलं दिवसभर एकत्र बसतात, पण त्यांचे गणिताचे सर ड तुकडीला आणि दहावीलाही शिकवतात. ब तुकडीच्या मुलांबद्दल बोलायला तिचे सगळे शिक्षक दर आठवड्याला एकत्र बसत नाहीत. अमेरिकेतल्या या गटांत सगळा भर शिक्षकांच्या त्या एकत्र बसण्यावर आहे.

पाटी नवी, वेळापत्रक जुनंच

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. जिन्याला रंग दिला जातो, गटांना नावं मिळतात, टी-शर्ट छापले जातात आणि वेळापत्रक मात्र पूर्वीच्याच पद्धतीने लागतं. तपासायला पाच मिनिटं पुरतात. नववीच्या कोणत्याही दहा मुलांची वेळापत्रकं काढा. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं हे चारही तास त्यांच्या गटाच्याच शिक्षकांकडे आहेत का? दहापैकी आठ-नऊ जणांचे असतील तर गट आहे. चार-पाच जणांचेच असतील तर तो फक्त माहितीपत्रकात आहे.

हिशेब साधा आहे. एक शिक्षक दिवसाला पाच वर्ग घेतो आणि वर्गात २५ मुलं असतात, म्हणजे १२५. चार विषयांच्या चार शिक्षकांना तीच १२५ मुलं द्या, की एक चमू झाला. नववीत ५०० मुलं असतील तर चार चमू आणि १६ शिक्षक लागतील. माध्यमिक मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९६ साली एका शिक्षकाकडे सत्राला ९० हून जास्त मुलं नसावीत असं सुचवलं होतं. सरकारी शाळेच्या पगारखर्चात ते क्वचितच बसतं. पण वर्गात ३२ मुलं कोंबून चमू १६० वर नेला, तर चार शिक्षकांच्या बैठकीत अर्ध्या मुलांची नावंही निघत नाहीत.

बिघाड होतो तो वेळापत्रक लावण्याच्या क्रमात. मुलांच्या विषयांची मागणी संगणकात भरून बटण दाबलं की सॉफ्टवेअर फक्त तासांची टक्कर टाळतं, गट शाबूत राहिला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून आधी हाताने पक्क्या करायच्या गोष्टी अशा: नववीच्या चमूंचे तास आणि त्यांचा सामाईक मोकळा तास, त्यानंतर विशेष शिक्षण घेणाऱ्या आणि (घरची भाषा वेगळी असल्याने) इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचे, दोन शिक्षकांनी मिळून घ्यायचे वर्ग, मग अख्ख्या शाळेत दिवसातून एकदाच भरणारे वर्ग, जसं कॅल्क्युलस, वरच्या पातळीचं भौतिकशास्त्र, ऑर्केस्ट्रा. बाकीचं मशीनवर सोडा. एकदाच भरणारा बँडचा वर्ग तिसऱ्या तासाला ठेवला, तर तो चारही चमूंमधून मुलं ओढतो आणि त्यांचे मुख्य विषय बाहेर फेकले जातात. तो पहिल्या किंवा शेवटच्या तासाला ठेवा.

आणखी एक खोड लवकर लक्षात येत नाही. नववीतली काही मुलं बीजगणित शिकत असतात, काही पुढे जाऊन भूमितीला पोहोचलेली असतात. सोयीसाठी भूमितीची सगळी मुलं एका चमूत टाकली, की दिवाळीच्या सुमाराला अख्ख्या शाळेला कळलेलं असतं की ‘हुशार’ चमू कोणता. प्रत्येक चमूच्या गणित शिक्षकाला चार वर्ग बीजगणिताचे आणि एक भूमितीचा द्या.

सामाईक तासाचा खर्च न मांडणं

पूर्वी शिक्षक सातपैकी सहा तास शिकवत असतील आणि एक तास तयारीचा असेल, तर चमूच्या बैठकीसाठी एक शिकवण्याचा तास काढावा लागतो. १६ शिक्षकांचा एकेक तास म्हणजे १६ वर्ग मोकळे पडले. एका शिक्षकाचे आता पाच वर्ग, म्हणजे ३.२ पदं नवीन हवीत. हा आकडा आधी मांडला नाही, तर बैठक तयारीच्या तासात घुसवली जाते. तो तास शिक्षकांच्या करारात सहसा संरक्षित असतो, त्यामुळे पहिल्याच महिन्यात युनियनची तक्रार येते, आणि ती रास्त असते.

मिळालेला तास फुकटही जातो. सहलीची बस आणि फलकाची सजावट हे विषय बैठकीतून बाहेर ठेवा. आठवड्यातल्या दोन बैठका फक्त मुलांच्या यादीवर घ्या: कोण गैरहजर, कोण दोन विषयांत घसरलं, घरी फोन कोण करणार. शिकागोत वापरतात ती खूण इथे उपयोगी पडते. नववीच्या अखेरीस दहावीत जाण्याइतके क्रेडिट (विषय उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे अंक) जमले आणि मुख्य विषयांत मूल एकाहून जास्त वेळा सत्रात नापास झालेलं नसेल, तर ते रुळावर आहे. तिथल्या २००५ च्या अभ्यासात अशी मुलं चार वर्षांत उत्तीर्ण होण्याची शक्यता बाकीच्यांच्या साडेतीन पटींहून जास्त निघाली. वार्षिक परीक्षेच्या निकालाची वाट पाहू नका, ही यादी दर सहा आठवड्यांनी काढा.

आवडीने गट निवडा म्हणजे काय होतं

दहावीपासून वरच्या गटांना विषय दिले जातात: आरोग्य, अभियांत्रिकी, कला, हॉटेल व्यवसाय. अशा व्यवसायकेंद्री अकॅडमीची सुरुवात १९६९ मध्ये फिलाडेल्फियातून झाली, आणि त्यांचा एक फायदा नीट मोजलेला आहे. शाळा संपल्यावरच्या आठ वर्षांत त्या मुलांची वार्षिक कमाई सरासरी ११ टक्क्यांनी जास्त राहिली. पण शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. पालकसभेत ते आश्वासन देऊ नये.

निवड पूर्ण मोकळी ठेवली, की अभियांत्रिकीत चांगल्या गुणांची मुलं आणि हॉटेलच्या गटात उरलेली, असं दोन वर्षांत होतं. पालकही यात मागे नसतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरातही अभियांत्रिकी सोडून दुसरं नाव पहिल्या पसंतीला आलं तर चर्चा होतेच. मुलांकडून तीन पसंत्या घ्या आणि वाटप करताना प्रत्येक गटात मुलं-मुली, आठवीचे गुण, विशेष शिक्षण घेणारी आणि इंग्रजी शिकणारी मुलं शाळेच्या सरासरीच्या जवळ ठेवा. विशेष शिक्षणाचे शिक्षक कमी आहेत म्हणून ती सगळी मुलं एकाच गटात घातली, तर तो प्रश्न शैक्षणिक राहत नाही, कायद्याचा होतो.

बारावीच्या भौतिकशास्त्राला एका गटातून दहाच मुलं निघतात, आणि दहा मुलांचा वर्ग चालवणं परवडत नाही. तिथे हट्ट सोडा. अकरावी-बारावीत एक-दोन विषय गटाबाहेर जाऊ द्या. नववीत मात्र एकही नको.

किरकोळ वाटणाऱ्या, पण गट मोडणाऱ्या गोष्टी

समुपदेशक आडनावाच्या अक्षरानुसार वाटलेले असतात, ए ते जी एकाकडे, एच ते एम दुसऱ्याकडे. हे तसंच ठेवलं तर प्रत्येक चमूला सगळ्या समुपदेशकांशी बोलावं लागतं. एक समुपदेशक आणि एक उपप्राचार्य गटालाच जोडा. खोल्या शेजारी-शेजारी हव्यात, पण गॅस आणि पाण्याचे नळ असलेल्या प्रयोगशाळा हलत नाहीत. त्यामुळे गटांची जागा प्रयोगशाळेपासून मोजायला सुरुवात करा. बारा ते सतरा मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक आणि त्यांनी भेटायचा एक तास ठेवता येतो, मात्र वर्षाचा आराखडा हातात न देता तो तास सुरू केला, तर तिथे गृहपाठ उतरवले जातात.

पूर्ण फाळणी करावी का

डेन्व्हरच्या मॅन्युअल हायस्कूलचे २००१ साली एकाच इमारतीत तीन स्वतंत्र शाळांमध्ये तुकडे केले. पट घसरत गेला, ऐच्छिक विषय आकसले आणि २००६ मध्ये शाळा बंद करावी लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा एकच शाळा म्हणून उघडली. न्यूयॉर्कने उलट वाट धरली. जुन्या शाळेत नववीचा प्रवेश थांबवला, ती एकेक इयत्ता करत बंद केली आणि त्याच इमारतीत नव्या शाळा फक्त नववीपासून, इयत्तेला सुमारे शंभर मुलं घेऊन सुरू केल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शाळांत चार वर्षांत उत्तीर्ण होणारी मुलं ६८.७ टक्के होती, तर प्रवेशाच्या सोडतीत जागा न मिळून इतरत्र गेलेल्यांमध्ये ६१.९ टक्के. डेन्व्हर आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडे शाळा लहानच होत्या, पण न्यूयॉर्कच्या शाळांनी शिक्षक नव्याने निवडले आणि चारही इयत्ता एका सप्टेंबरात उलथवल्या नाहीत.

तुम्हाला इमारत रिकामी करता येत नसेल तर एकच शाळा आणि एकच मुख्याध्यापक ठेवा. पहिल्या वर्षी फक्त नववीचे चमू करा आणि दुसऱ्या वर्षी दहावी जोडा. खेळाचे संघ, बँड, ग्रंथालय सामाईक राहू द्या. चमूच्या बैठकीसाठीची ती ३.२ पदं अनुदानातून नेमली असतील, तर दुसऱ्या वर्षापासून थोडी-थोडी करून जिल्ह्याच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात हलवा, कारण अनुदान संपल्यावर पहिला काटला जातो तो चमूचा सामाईक तास.