गिटार वाजवायला बसायचं कशावर?

गिटार घेताना लाकूड, तारांची उंची, खुंट्या सगळं पारखलं जातं. मग वाजवायला बसतात पलंगाच्या कडेवर, नाहीतर ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत. अर्ध्या तासात डावा खांदा वर चढतो, पाठीला पोक येतं, पायाला मुंग्या येतात. नवशिके याचा दोष स्वतःच्या बोटांना देतात आणि तेवढ्यावर सराव सोडून देतात, याचं वाईट वाटतं. कारण हे दुखणं बैठकीचं असतं आणि ते मोजपट्टी घेऊन दुरुस्त करता येतं.

आधी स्वतःचं माप घ्या. साध्या खुर्चीवर बसा, दोन्ही तळपाय पूर्ण टेकवा, गुडघे काटकोनात ठेवा. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत, म्हणजे पाय जिथे दुमडतो तिथपर्यंत, किती सेंटिमीटर भरतात ते दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. बहुतेक मोठ्या माणसांचं माप ३८ ते ४८ सेंमीच्या आसपास येतं. घरी अनवाणी वाजवत असाल आणि बाहेर बूट घालून, तर दोन्ही मापं घ्या. जाड तळव्याच्या बुटामुळे अडीच-तीन सेंमीचा फरक सहज पडतो.

बैठकीची उंची या मापाइतकी किंवा एक-दोन सेंमी जास्त हवी, आणि ती तुम्ही बसल्यावरची. फोम दबतो. दुकानात ४७ सेंमी भरलेलं गुबगुबीत स्टूल बसल्यावर ४३ चं होऊ शकतं. खरेदीआधी घरी पडताळा घ्यायचा तर बुटक्या स्टुलावर रद्दीचा घट्ट बांधलेला गठ्ठा ठेवा आणि वर्तमानपत्रं कमी-जास्त करत उंची जुळवा. त्यावर गिटार घेऊन सलग वीस मिनिटं वाजवा. पाच मिनिटांत कुठलीही बैठक बरीच वाटते.

माप चुकलं तर होतं काय? बैठक फार खाली असेल तर गुडघे कमरेच्या वर जातात, कंबरेचं हाड मागे कलतं आणि पाठ गोल होते. छाती गिटारवर झुकते, उजवा दंड गिटारच्या कडेवर दाबला जातो. फार उंच असेल तर टाचा अधांतरी राहतात, बैठकीची पुढची कड मांडीत रुतते आणि पाय बधिर होतो. शिवाय मांडी पुढे उतरती झाल्यामुळे गिटार गुडघ्याकडे घसरते. ती सावरायला डावा हात नेक, म्हणजे गिटारची लांब मान, धरून ठेवतो. बार कॉर्डला, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबताना, अंगठा ज्यांचा भरून येतो, त्यांनी आधी हे तपासावं.

इथे एक पेच आहे. पाठीला बैठक जरा उंच आवडते, गिटारला मांडी जरा वर हवी असते. दोन्ही एकाच उंचीत बसत नाही. म्हणून बैठक पाठीच्या मापाने घ्या आणि गिटारसाठी पाय उचला. गिटार उजव्या मांडीवर ठेवत असाल तर उजव्या पायाखाली पाच ते आठ सेंमीचा आधार पुरतो. आडवी ठेवलेली वीट साडेसात सेंमीची असते, घरी ती चालते. बाहेर न्यायला योगासाठी मिळणारा फोमचा ठोकळा उत्तम: तोही साधारण साडेसात सेंमी जाड, वजनाला नगण्य. पाश्चात्त्य क्लासिकल पद्धतीत गिटार डाव्या मांडीवर असते आणि डावा पाय १२ ते १८ सेंमी उचलावा लागतो. त्यासाठी उंची बदलणारा, घडीचा पत्र्याचा फूटस्टूल मिळतो. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट करून घ्यावं.

आकाराबद्दल एकच अट कडक आहे: हात असलेली खुर्ची नको. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाच्या अकुस्टिक गिटारचा खालचा फुगवटा जवळजवळ ४० सेंमी रुंद आणि तळाशी सुमारे १२ सेंमी खोल असतो. खुर्चीच्या उजव्या हाताला तो अडतो, मग माणूस गिटार तिरकी धरतो आणि कंबर पिळून बसतो. मागच्या टेकूचा उपयोग वाजवताना फारसा नाही, दोन गाण्यांमध्ये विसावायला आहे. बसायचं पुढच्या अर्ध्या भागावर. पुढची कड गोलसर हवी आणि बैठक किमान ३० सेंमी रुंद. चौकोनी बैठकीचा टोकदार कोपरा मांडीच्या आतल्या बाजूला टोचतो, म्हणून गोल बैठक बरी.

आता प्रकार. ड्रमर वापरतात ते स्टूल, म्हणजे थ्रोन, बसायला सर्वांत चांगलं. उंची बदलते, बैठक भरीव, तीन पायांमुळे उंचसखल पेव्हर ब्लॉकवरही डुगडुगत नाही. पण चांगल्या थ्रोनचं वजन चार-पाच किलोंच्या पुढे जातं. रिक्षा किंवा स्वतःची गाडी असेल तरच ते न्यायच्या गोष्टीत धरा. गिटारसाठी म्हणून विकलं जाणारं टेकू आणि पायदांडी असलेलं घडीचं स्टूलही जडच. त्याची बैठक बहुधा उंच असते आणि पाय दांडीवर ठेवायचा असतो, त्यामुळे ते मोजताना जमिनीपासून मोजू नका, पायदांडीपासून बैठकीपर्यंत मोजा. ते अंतर तुमच्या मापापेक्षा फार कमी भरलं तर ज्या पायावर गिटार ठेवता त्याचा गुडघा छातीकडे येईल.

कप ठेवायची जाळी असलेली कॅम्पिंगची खुर्ची कितीही हलकी असली तरी घेऊ नका. कापडाच्या झोळीत माणूस मागे बुडतो आणि हातही असतात. कापडी तिपाईचंही तेच, फक्त प्रमाण कमी. पंधरा मिनिटांपुरती चालेल.

ठाणे–नेरुळ किंवा ठाणे–वाशी लोकलने जाणाऱ्यांसाठी खरी निवड दोनच बैठकांत आहे. पाठीवर गिटारची बॅग असते आणि एक हात दांडा धरायला मोकळा हवा, म्हणून बैठक हातात धरून न्यायची सोयच नाही. ती खांद्याला अडकली पाहिजे किंवा पिशवीत मावली पाहिजे.

पहिली म्हणजे सपाट घडी होणारं प्लास्टिकचं स्टूल. घडी केल्यावर चार-पाच सेंमी जाड, वजन किलोभर. ३९ आणि ४५ सेंमीच्या उंचीत सापडतं. तुमचं माप ४२ असेल तर ३९ चं घेऊन वर फोम टाका, ४५ चं घेऊन पाय लोंबवू नका. त्याची बैठक अरुंद आणि टणक असते, त्यामुळे गादी लागतेच. दुसरी म्हणजे एकात एक कड्या सरकून उघडणारं गोल स्टूल. मिटलं की सहा-सात सेंमीची चकती, सोबत पट्टा, उंचीही बदलते. हवी ती उंची मिळते हा त्याचा मोठा गुण. दोष असा की कड्या खेचून फिरवल्यावर खाचेत बसतात, आणि एखादी अर्धवट बसली तर पायाने ताल धरताना अचानक खाली सरकते. उघडल्यावर प्रत्येक कडी हाताने दाबून बघा, मगच बसा. वाळू किंवा माती आत गेली की कड्या अडकतात, म्हणून खाडीकाठी वाजवून आल्यावर पाण्याने धुवून उघडं करून वाळवा. आम्ही सपाट घडीच्या स्टुलाकडे झुकतो, कारण त्यात बिघडायला भाग कमी आहेत.

दोन्हींसाठी गादी एकच: ३० बाय २५ सेंमीचा, चार सेंमी जाड, ४० डेन्सिटीचा फोम. ३२ डेन्सिटीचा स्वस्त पडतो, पण लवकर चेपतो आणि मग हाडं टेकतात. सोफ्याची कव्हरं शिवणारे लोक असा तुकडा कापून, शिवून देतात. खाली रेक्झिन, वर जाड सुती कापड सांगा. आपल्याकडच्या दमट हवेत रेक्झिनवर मांडीला घाम येतो आणि माणूस घसरतो. हीच गादी ठाण्यातल्या तलावपाळीच्या किंवा उपवनच्या कट्ट्यावर एकटीही कामाला येते, फक्त कट्ट्याची उंची तुमच्या हातात नाही, म्हणून योगाचा ठोकळा सोबत असू द्या.

घरीच वाजवणार असाल तर यातलं काही विकत घ्यायची गरज नाही. साधं प्लास्टिकचं स्टूल साधारण ४५ सेंमीचं असतं. माप जुळत असेल तर त्यावर गादी टाका, झालं.

जमिनीवर बसून करायच्या कार्यक्रमाचा विचार वेगळा. सोसायटीच्या हॉलमध्ये सुगम संगीताला हार्मोनियम, तबला खाली बसलेले असतात आणि त्यांच्यात गिटारवाला खुर्चीवर बसला की नजरानजर होत नाही, ठेके आणि थांबे चुकतात. तेव्हा खालीच बसावं, पण सपाट सतरंजीवर नाही. मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या खाली यायला हवेत, म्हणून ढुंगणाखाली आठ ते बारा सेंमी उंची घ्या: घोंगडीची घट्ट घडी किंवा भरीव उशी. मऊ लोड दबतो, पाट एकटा पुरत नाही, पाटावर गादी ठेवली की जमतं. उशीच्या पुढच्या कडेवर बसा आणि खाली बसूनही स्ट्रॅप लावा. मांडी घातल्यावर गिटारला धड टेकू मिळत नाही, वजन स्ट्रॅपने पेलावं. दर अर्ध्या तासाने पायांची अदलाबदल करा.

दुकानात जाताना, मग ते ठाण्यात जांभळी नाक्याला असो की वाशीला, खिशात टेप असू द्या. स्टुलावर बसून कुल्ले डावी-उजवीकडे हलवा. कुरकुरलं तर ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणार. वजनाची मर्यादा छापलेली असते, पण ती स्थिर वजनाची. तुमचं आणि गिटारचं मिळून ७५ किलो होत असेल तर ११० च्या आतलं घेऊ नका. खटका एका हाताने बंद होतो का, आणि घडी होताना बोट सापडेल अशी फट कुठे आहे, हे तिथेच बघा.

लोखंडी पाइपच्या बैठकीला पावसाळ्यात आतून गंज चढतो. पायांच्या रबरी बुचांत पाणी साचतं, म्हणून भिजल्यावर बुचं काढून पाइप उलटे ठेवून निथळू द्या. बिजागरीला महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. गादी बॅगेत दाबून ठेवली की बुरशी धरते, घरी आल्यावर पंख्याखाली उभी करा. बुचं झिजून पाइपची कड दिसायला लागली की लगेच बदला, नाहीतर गुळगुळीत लादीवर स्टूल सरकतं.