दुसऱ्या बाहीशी अडकलेला स्वेटर: माझा अनुभव

पाठ, पुढा आणि एक बाही झाली की विणायचा उत्साह आटतो. तेच माप, तेच टाके पुन्हा विणायचे असतात. त्यात मध्ये बरेच दिवस गेले तर हाताचा ताण, म्हणजे टाके किती घट्ट पडतात ते, बदलतो आणि दुसरी बाही आखूड किंवा सैल होते.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे दोन्ही बाह्या एकाच वेळी विणणे. 80 सेंमीची गोल सुई (लवचीक तारेने जोडलेली दोन टोके) आणि लोकरीचे दोन वेगळे गुंडे घ्या. पहिल्या गुंड्याने एका बाहीचे टाके घाला, शेजारीच दुसऱ्या गुंड्याने दुसरीचे. प्रत्येक ओळ दोन्हींवर पुरी करूनच काम पलटवा. वाढवायचे टाके आपोआप एकाच ओळीत येतात, मोजत बसावे लागत नाही. धागे एकमेकांत गुंततात ते दर वेळी एकाच दिशेने पलटवल्यामुळे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पलटवा. आणि एक बाही विणून मध्येच थांबू नका, नाहीतर एक ओळ हमखास कमीजास्त होते.

नव्या कामाचा हुरूप मात्र बहुतेकदा चुकीच्या मापाने मरतो. 10 सेंमीत 22 टाके हवेत आणि तुमचे 24 बसत असतील, तर 100 सेंमीच्या घेरासाठी घातलेले 220 टाके जेमतेम 92 सेंमी भरतात. म्हणून आधी 15 सेंमीचा नमुना विणा, धुऊन वाळवा, मगच मोजा. टाके जास्त भरले तर सुई अर्धा मिलिमीटर जाड घ्या.